मेजरलाही डॉक्टर होऊ द्या

9 मार्च 2022 रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एक पत्र काढलं. नीट-यूजीला बसण्यासाठी वयाची वरची अट यापुढे राहणार नाही, एवढंच त्यात होतं. त्याआधी खुल्या प्रवर्गाला पंचविशीची आणि राखीव प्रवर्गाला तिशीची मर्यादा होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मे 2018 मध्ये उचलून धरली, त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पंचविशी ओलांडलेल्यांना तात्पुरती मुभा दिली, आणि शेवटी आयोगानेच ती अट मोडीत काढली. निर्णय चांगला होता. दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय मिटला.

ही अट गेल्याचा सगळ्यांत मोठा फायदा ज्यांना व्हायला हवा होता, त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. तरुणपणाची सगळी वर्षं वर्दीत घालवून, चाळिशीच्या आत घरी परतलेले जवान. वयाची अट काढली की काम झालं, असं सरकारला वाटलं. काम तिथून सुरू व्हायला हवं होतं.

पश्चिम महाराष्ट्रात फौजेतून आलेल्या कुणालाही गाव ‘मेजर’ म्हणतं. हुद्दा शिपायाचा असो की सुभेदाराचा, पारावर तो मेजरच. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला हा माणूस पस्तिशी-चाळिशीच्या मधे कधीतरी पेन्शन घेऊन येतो. तब्येत ठणठणीत, शिस्त अंगात मुरलेली, पेन्शनमुळे घर चालतंय, आणि पुढे कामाची वीस-पंचवीस वर्षं शिल्लक. त्याच्यापुढे आपण काय ठेवतो? सिक्युरिटी एजन्सी. एटीएमच्या दारातली खुर्ची. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय माजी सैनिकांसाठी ज्या योजना चालवतं त्यांची यादी काढून बघा : सुरक्षा एजन्सी, कोळशाची वाहतूक, सीएनजी स्टेशन चालवणं, तेल कंपन्यांचे पंप सांभाळणं. यातलं एकही काम कमी दर्जाचं नाही आणि ज्याला ते करायचं आहे त्याने ते मानाने करावं. पण ती यादी वाचताना एक गोष्ट टोचत राहते. या माणसाचा खांदा आपल्याला हवा आहे. त्याच्या डोक्याचं काय करायचं, याचा विचार आपण केलेला नाही.

आता सैन्यातला एक विशिष्ट माणूस घ्या. नर्सिंग असिस्टंट. याची भरतीची अटच मुळी बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजीसह. म्हणजे वैद्यकीय प्रवेशाला जे विषय लागतात तेच. लखनौच्या आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात त्याचं प्रशिक्षण होतं, आणि मग तो कधी मिलिटरी हॉस्पिटलच्या वॉर्डात, कधी फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये, कधी एखाद्या बटालियनच्या आरएपीत, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्टवर, जाऊन पडतो. डॉक्टर एक असतो आणि चौक्या अनेक. जिथे डॉक्टर नाही तिथे हाच असतो.

साताऱ्याकडचे असे एक निवृत्त हवालदार माझ्या परिचयाचे आहेत. लडाखमधली एक रात्र त्यांनी मला सांगितली होती. पंधरा हजार फुटांवरची चौकी. नव्याने आलेला एक पोरगा संध्याकाळपासून खोकतोय, झोपला की दम लागतो म्हणून बसून राहिलाय. यांनी छातीला कान लावला, खालून बुडबुड ऐकू आली. नखं निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा साठीच्या घरात. फौजेत याला हापो म्हणतात : उंचीवर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी उतरतं. यांनी ऑक्सिजन लावला, वायरलेसवर डॉक्टरांशी बोलले, सांगितलं ते औषध दिलं, आणि हवा भरायच्या त्या लांबट पिशवीत, हापो बॅगेत, पोराला घालून रात्रभर पायाने पंप मारत बसले. त्या पिशवीतला दाब वाढला की आतल्या माणसाला आपण काही हजार फूट खाली उतरल्यासारखं होतं. पंप थांबवायचा नाही, थांबवला तर आतली हवा कोंदते. सकाळी खाली न्यायची सोय झाली तेव्हा ऑक्सिमीटरचा आकडा ऐंशीच्या पुढे गेला होता. पोरगा वाचला.

हापोबद्दल जगाला जे कळलं त्यात भारतीय जवानांचा मोठा वाटा आहे. 1962च्या युद्धात आणि त्यानंतर सपाटीवरच्या पलटणी एकदम उंचावर चढवाव्या लागल्या, आणि माणसं गोळीने नाही तर हवेने आजारी पडू लागली. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,925 जवानांचा अभ्यास करून 1969 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये उंचीवरच्या आजाराविषयी जो निबंध छापला, त्याचा दाखला आजही दिला जातो. जवानाच्या शरीरावरून वैद्यकशास्त्र शिकलं. त्याच जवानाला वैद्यकशास्त्र शिकायचं असेल तर त्याने कुठे जायचं?

हे हवालदार निवृत्त झाल्यावर नीटला बसले. त्यांच्या टेबलावर अकरावीचं एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक मी पाहिलंय. नीटचा पेपर मराठीतून घेता येतो, पण आपल्याकडे अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत, क्लासच्या नोट्स इंग्रजीत, त्यामुळे त्यांनीही इंग्रजीच धरलं. श्वसनाच्या धड्यात ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा तो एस अक्षरासारखा वळलेला आलेख आहे. वर तो सपाट असतो, एका ठिकाणापासून खाली धाडकन कोसळतो. त्या कोसळत्या भागाशी त्यांनी पेन्सिलीने त्या पोराचा ऑक्सिमीटरवरचा आकडा लिहून ठेवला होता. ‘साठला एवढी घाई का करावी लागली ते इथं कळलं,’ एवढंच म्हणाले. अठरा वर्षांच्या मुलाला हा आलेख पाठ करावा लागतो. त्यांनी तो आधी डोळ्यांनी पाहिला होता आणि नाव नंतर कळलं.

पण परीक्षेला हे माहीत नसतं. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण, चुकलं की एक गुण वजा. फिजिक्सचे 45, केमिस्ट्रीचे 45, बायोलॉजीचे 90, आणि त्या नव्वदातला जवळपास निम्मा भाग झाडापानांचा. ज्याने बारावी होऊन अठरा वर्षं झाली, त्याला लॉगॅरिदम पुन्हा शिकायचा आहे आणि त्याची स्पर्धा लातूरच्या क्लासात दिवसाला बारा तास पेपर सोडवणाऱ्या पोरांशी आहे. वीस लाखांहून जास्त मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर, आणि त्यातल्या सरकारी फीच्या जागा साधारण निम्म्या. हवालदारांच्या क्लासमधली पोरं त्यांना ‘मेजर काका’ म्हणायची, डाउट विचारायची, डबा वाटून खायची. पोरांनी त्यांना आपल्यात घेतलं. व्यवस्थेने घेतलं नाही.

प्रवेशाच्या वेळी जे झालं ते ऐकून मला पहिल्यांदा या विषयावर लिहावंसं वाटलं. अर्जात डिफेन्स असा एक पर्याय असतो. यांनी तो भरला, आणि कागदपत्रं तपासणीच्या केंद्रावर स्वतःचं डिस्चार्ज बुक पुढे केलं. टेबलावरच्या माणसाने ते उघडलं, नाव वाचलं, परत दिलं. ‘हे तुमचं झालं. वडिलांचं आणा.’

‘वडील शेतकरी होते. नोकरी मी केली.’

‘मग नाही चालणार, साहेब. हे मुलांसाठी असतं.’

टेबलावरच्या माणसाची काही चूक नाही, नियम तसाच आहे. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात डिफेन्सची राखीव वर्गवारी आहे ती माजी सैनिकांच्या आणि सेवेत असलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी. हवालदारांची मुलगी तेव्हा दहावीत होती. दोन वर्षांनी तेच डिस्चार्ज बुक तिने पुढे केलं असतं तर ते चाललं असतं. ज्याने ती नोकरी केली त्याला मात्र ते चालत नाही.

आणि हा काही एका राज्याचा विसरभोळेपणा नाही. वर जा, तेच दिसतं. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत एमबीबीएसच्या ज्या मोजक्या जागा मिळतात, त्या शहीद झालेल्यांच्या पत्नींना आणि सैनिकांच्या मुलांना. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, महिना मुलांना 2,500 आणि मुलींना 3,000 रुपये : माजी सैनिकांच्या मुलांना आणि वीरपत्नींना. दिल्ली छावणीतलं आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस 2008 साली सुरू झालं, वर्षाला शंभर जागा : लष्करातल्यांच्या मुलांसाठी. वीरपत्नीला आणि शहिदाच्या मुलांना पहिला मान मिळालाच पाहिजे, त्यात एक जागाही कमी होता कामा नये. पण सगळ्या योजना लिहिताना एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : शिकेल ते मूल, सैनिक आता शिकणार नाही. त्याचं शिक्षण संपलं, त्याचं आयुष्य आता पुढच्या पिढीची फी भरण्यापुरतं. हे गृहीतकच मला मान्य नाही. सदतीस वर्षांच्या माणसाला कुणीही न विचारता त्याच्या वाटचं शिक्षण बंद करायचा अधिकार कुणाला दिला?

मग पुण्याचं एएफएमसी. 1 मे 1948 रोजी, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशीतून उभं राहिलेलं सशस्त्र दलांचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय. देशातल्या पहिल्या काही कॉलेजांत त्याचं नाव घेतलं जातं आणि ते रास्तच आहे. तिथे प्रवेश घेणारा मुलगा किंवा मुलगी अविवाहित हवी आणि त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वयाची 24 वर्षं पूर्ण झालेली नसावीत. आयोगाने देशभर वयाची अट काढली. सैन्याने आपल्या कॉलेजात ती ठेवली. पुण्यातच सैन्याच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेला नर्सिंग असिस्टंट त्या कॉलेजच्या फाटकातून आत जाऊ शकतो तो ड्युटीवर. वर्गात बसायला नाही.

कुणी म्हणेल, सैन्यात शिपायाला वर चढायची वाट नसते, तशी परंपराच नाही. हे खरं नाही, आणि मला सगळ्यांत जास्त राग याच गोष्टीचा येतो, कारण सैन्याकडे उत्तर तयार आहे. आर्मी कॅडेट कॉलेज, एसीसी. सेवेतला जवान परीक्षा देतो, निवडला गेला तर त्याला पदवी शिकवली जाते, मग तो देहरादूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, प्रशिक्षण घेऊन अधिकारी म्हणून बाहेर पडतो. हे कॉलेज 1960 साली आपल्या पुण्यातच सुरू झालं आणि 1977 साली देहरादूनला गेलं. एसीसीतून आलेल्या अधिकाऱ्यांनी पलटणी चालवल्या, युद्धं लढवली. म्हणजे शिपायातून कर्नल घडू शकतो हे सैन्याने साठ वर्षांपूर्वीच मान्य केलंय. खुद्द मेडिकल कोअरमध्येही जवानाला अधिकारी होता येतं, पण ते नॉन-टेक्निकल शाखेत, म्हणजे प्रशासनात. फाइल त्याच्या हातात द्यायला सैन्य तयार आहे. स्टेथोस्कोप द्यायची सोय नाही.

हे दुसरीकडे झालेलं आहे, आणि अमेरिकेचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे शिक्षण अफाट महाग असूनही त्यांनी वाट काढली. 1944 साली, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, त्यांनी जीआय बिल केलं. परत आलेल्या शिपायाच्या कॉलेजची फी सरकार भरेल. आजच्या कायद्यातही पात्र सैनिकाला 36 महिन्यांचं शिक्षण मिळतं, आणि ते आधी त्याचं असतं. त्याला नको असेल तर ठरावीक अटी पाळून तो ते मुलांच्या नावे करू शकतो. क्रम बघा. आधी सैनिक, मग मूल.

1965 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांना वाटलं की डॉक्टर कमी पडतायत आणि नौदलातून परतलेले कोअरमन, म्हणजे आपल्या नर्सिंग असिस्टंटसारखेच लोक, गावात जाऊन भलतीच कामं करतायत. त्यांनी चार माजी कोअरमन घेऊन एक अभ्यासक्रम सुरू केला. 1967 साली त्यातले तिघं बाहेर पडले. फिजिशियन असिस्टंट हा पेशा तिथून जन्माला आला आणि आज तो अमेरिकेच्या आरोग्यसेवेचा कणा मानला जातो. एका डॉक्टरला चार शिपायांची किंमत कळली म्हणून एक नवा व्यवसाय उभा राहिला.

जॉनी किम यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. कोरियन स्थलांतरितांचा मुलगा, 2002 साली नौदलात साधा शिपाई म्हणून भरती, नेव्ही सील, लढाऊ तुकडीतला मेडिक. 2006 साली इराकमधल्या रमादीत जखमी सोबत्यांसाठी आपण जेवढं करू शकलो ते पुरेसं नव्हतं, ही बोच त्यांना वैद्यकशास्त्राकडे घेऊन गेली. नौदलाच्याच योजनेतून त्यांनी 2012 साली पदवी घेतली, 2016 साली हार्वर्डमधून एमडी झाले, पुढे नासाने त्यांना अंतराळवीर म्हणून निवडलं आणि 2025 साली ते अंतराळ स्थानकावर जाऊन राहिले. माणूस विलक्षण आहे, शंकाच नाही. पण त्याच्यासमोर जिना होता. आपल्या चौकीवरच्या पोरात तेवढी जिद्द असली तरी चढायला पायरी कुठाय?

आणि अमेरिकेने ही गोष्ट एखाद्या किमवर सोडली नाही. तिथल्या सैन्याचं स्वतःचं वैद्यकीय विद्यापीठ आहे, मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे, म्हणजे त्यांचं एएफएमसीच म्हणा. 2014 साली त्या विद्यापीठाने सेवेतल्या शिपायांसाठी दोन वर्षांचा पूर्वतयारीचा वर्ग सुरू केला. निवडलेला शिपाई नोकरीतच राहतो, पगार पूर्ण मिळतो, आणि त्याचं काम एकच : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी शिकणं आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणं. परीक्षा तीच, जी बाकी सगळे देतात. गुणांत सूट नाही. सूट मिळते ती वेळेची, आणि चाळिशीकडे झुकलेल्या बाल-बच्चेवाल्या माणसाला नेमकी तीच हवी असते.

इथे हमखास येणारे दोन आक्षेप आहेत. पहिला गुणवत्तेचा. त्यावर फार बोलायची गरज नाही, कारण पात्रतेचे गुण कमी करा असं मी म्हणतच नाही. रुग्णाला डॉक्टरची वर्दी कोणती होती याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला औषध बरोबर हवं असतं. नीट द्यावी, उत्तीर्ण व्हावं, एमबीबीएसच्या सगळ्या परीक्षा सगळ्यांसारख्याच द्याव्यात.

दुसरा आक्षेप वयाचा, आणि तो गंभीर आहे. 2020 साली ओडिशातले निवृत्त बँक अधिकारी जय किशोर प्रधान वयाच्या 64व्या वर्षी नीट उत्तीर्ण झाले आणि त्यांनी बुर्ला इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हा कौतुकही झालं आणि प्रश्नही आला : सरकारी जागेवर जनतेचा पैसा खर्च होतो, डॉक्टर होईपर्यंत हा माणूस सत्तरीला येणार, मग सेवा कधी देणार? चौसष्टच्या बाबतीत या प्रश्नात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. सदतीसच्या बाबतीत हिशेब मांडून बघा. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस डॉक्टर होतो. साठीपर्यंत धरलं तरी सतरा वर्षांची सेवा, आणि डॉक्टर साठीला थांबत नाही हे आपण प्रत्येक गावात बघतो. उलट, अठराव्या वर्षी आत गेलेला हुशार मुलगा पदव्युत्तर, मग सुपरस्पेशालिटी करत पस्तिशीला शहरातल्या हॉस्पिटलात स्थिरावतो, किंवा परदेशी जातो. त्याने जावं, त्याचा हक्क आहे. पण मग जागा वाया जाण्याचा प्रश्न फक्त मेजरला विचारू नका.

आणि गावातल्या दवाखान्याचं काय? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवा करायची, असा नियम आहे. हा नियम करावा लागला, यातच सगळं आलं. धडगावात, भामरागडला, मेळघाटात आरोग्य केंद्राची इमारत असते, क्वार्टर असतं, डॉक्टर टिकत नाही. रस्ता नाही, वीज जाते, रात्री साप चावलेला पेशंट येतो आणि जवळचं मोठं हॉस्पिटल काही तासांवर. ज्याने बर्फातल्या चौकीवर एका पिशवीत माणूस घालून रात्रभर पंप मारला, त्याला भामरागडचं क्वार्टर गैरसोयीचं वाटेल? घरापासून लांब, माणसं मोजकी, साधनं अपुरी आणि निर्णय आपणच घ्यायचा, याची सवय त्याला पगार देऊन आपणच लावली आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हे शिकवता येत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सरळ आहे. सरकारी जागा मिळाली तर पेन्शनवर ओढाताण करून निभतं. नाही मिळाली तर विषय संपला. महाराष्ट्रातल्या काही डीम्ड विद्यापीठांत एमबीबीएसची एका वर्षाची फीच 20 लाखांच्या पुढे आहे. हवालदाराला आयुष्यभराच्या नोकरीनंतर जे हाती येतं त्यात दोन वर्षंही होत नाहीत, आणि घरी दहावीतली मुलगी आहे. हवालदारांच्या घरात त्या वर्षी प्रश्न असाच उभा राहिला : क्लास एकाचाच, बापाचा की लेकीचा? त्यांनी आपला बंद केला. मला कुणी विचारलं तर मीही त्यांना तेच सांगितलं असतं, आणि असं सांगावं लागतं हेच वाईट आहे.

आता हा प्रश्न एकट्यादुकट्या हवालदाराचा राहणार नाही. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतरा ते एकवीस वयात भरती, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, बाकीचे घरी. हातात सेवा निधीचे सुमारे 11.71 लाख, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या 2022च्या अखेरीस आणि 2023च्या सुरुवातीला दाखल झाल्या. म्हणजे चार वर्षं धरली तर बाविशी-पंचविशीतली, कसलेली, शिस्तीची हजारो मुलं दरवर्षी बाहेर येणार. त्यांच्यासाठी केंद्राने निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर केल्या. इग्नूची पदवी देऊ केली, ज्यात सेवेतल्या प्रशिक्षणाला निम्मं श्रेय मिळतं. चांगलं केलं. पण पुन्हा तेच : एक तर दुसरी वर्दी, नाहीतर सर्वसाधारण पदवी.

यातले अग्निवीर टेक्निकल म्हणून भरती झालेले बरेच जण बारावी सायन्सचे असतात, फिजिक्स-केमिस्ट्री-गणितवाले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये आणखी एक दार उघडलंय : बारावीला बायोलॉजी नसेल तर नंतर तो विषय जादा म्हणून देऊन नीटला बसता येतं. हे किती अग्निवीरांना कुणी सांगितलंय? चार वर्षांच्या नोकरीत शेवटच्या वर्षी संध्याकाळी दोन तास बायोलॉजीचा वर्ग भरवायला युनिटला काय लागतं? एज्युकेशन कोअर सैन्यात आहेच, शिक्षक वर्दीतलेच आहेत.

करायचं काय, ते अवघड नाही. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत डिफेन्स वर्गवारीची व्याख्या बदलावी : माजी सैनिक स्वतः, किंवा त्याची मुलं. जागा वाढवायच्या नाहीत, वीरांच्या मुलांचा प्राधान्यक्रम हलवायचा नाही, फक्त त्या टेबलावर डिस्चार्ज बुक परत देऊ नये. पंतप्रधान शिष्यवृत्तीत हाच बदल. अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा नाही म्हणून त्यांचा उल्लेख वेगळा करावा, नाहीतर उद्या टेबलावरचा माणूस त्यांनाही परत पाठवील, आणि तेव्हाही त्याची चूक नसेल.

आणि सैन्याने, म्हणजे सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांनी, एसीसीचीच वैद्यकीय आवृत्ती काढावी. सेवेतले नर्सिंग असिस्टंट, नौदलाचे आणि हवाई दलाचे मेडिकल असिस्टंट, ज्यांची दहा वर्षं झालीयत आणि ज्यांचे डॉक्टर त्यांच्याबद्दल दोन ओळी चांगल्या लिहितील असे वीस जण दरवर्षी निवडावेत. लखनौला किंवा पुण्याला दोन वर्षं पूर्ण पगारावर वर्ग. नीट सगळ्यांसारखी. उत्तीर्ण होतील त्यांच्यासाठी एएफएमसीत वयाची आणि लग्नाची अट शिथिल, आणि त्या बदल्यात पुढची पंधरा वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून राहायचा करार. वीसातले पाचच गेले तर पाच. पहिल्या वर्षी ड्यूकमध्येही चारच होते.